चांदणीवाली की चकतीवाली

जर्मनीत बनणाऱ्या वेगवान गाड्यांमध्ये श्रेष्ठ कोणती, या विषयावर साऱ्या जगात दोनच पक्षांचं मत विचारात घ्यावं असं मला वाटतं. एक पक्ष त्या गाड्या बनवणाऱ्या जर्मन लोकांचा आणि दुसरा आमच्या साडूभाऊंचा. जर्मन लोक मला कधी भेटले नाहीत, आणि भेटले असते तरी साडूभाऊंनी त्यांना फार वेळ बोलू दिलं नसतं. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गाव अमळनेरकडचं, शिक्षण सातवी, तेही दोन हप्त्यांत, आणि मुक्काम सुरतेत लिंबायतला, दोन खोल्यांच्या घरात. स्वतःच्या मालकीचं वाहन म्हणाल तर एक सायकल, जिच्या डाव्या पायडलचा नुसता दांडा उरला होता. पण ओट्यावर बसले की सुरुवात ठरलेली: "आपल्या दोन गाड्या शेतस मास्तर, पन दोन्हीस्ना सभाव येगळा." मास्तर म्हणजे मी. तिथल्याच महापालिकेच्या मराठी शाळेत मी शिकवत होतो.

त्या 'आपल्या'वर नवखा माणूस गारच पडायचा. गाड्या अर्थातच त्यांच्या शेठच्या. शेठचं लिंबायतला लूमचं खातं होतं, म्हणजे जिथं शंभरेक माग एकदम धडधडतात ती लांबलचक शेड, आणि पलसाण्याला कापड रंगवायची मिल. शेठचा मेव्हणा हिऱ्याच्या धंद्यात बेल्जियमला होता. नव्वद सालानंतर कधीतरी तो कायमचा परत आला तो एक गाडी घेऊनच. तिच्या नाकावर चांदणी होती. वर्षभराने चुलतभाऊ विलायतेहून परतला, त्याने दुसरी आणली; हिच्या नाकावर निळी-पांढरी चकती. सुरतेचे रस्ते पाहून दोघांनाही महिन्याभरात पश्चात्ताप झाला आणि दोन्ही गाड्या शेठच्या दारात येऊन राहिल्या. साडूभाऊ कंपन्यांची नावं कधी घेत नसत. घरच्या माणसाला आपण आडनावाने हाक मारतो का? त्यांच्या लेखी एक चांदणीवाली आणि एक चकतीवाली. या दोघींची तुलना त्यांनी सात-आठ वर्षं रोज संध्याकाळी केली आणि दर वेळी निकाल चांदणीवालीच्या बाजूने दिला. या निकालावर त्यांची भाकरी अवलंबून होती, हे मला बरंच उशिरा कळलं.

मुळात हा माणूस ड्रायव्हर नव्हताच. अठरा वर्षं ते शेठच्या खात्यात जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की तो ठीकठाक करणारे. मधूनमधून कापडाचे ताके पोचवायला टेम्पो चालवत, तेवढाच काय तो अनुभव. पण चांदणीवाली आली ती उलटी. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. शेठच्या पदरी दोन जुने ड्रायव्हर होते. त्यांनी ते चाक पाहिलं आणि दोघांनीही हात जोडले. या बाजूने बसून पुढचा ट्रक ओलांडायचा कसा, समोरून काय येतंय ते दिसणार कसं? साडूभाऊ तिथं पट्टा बदलायला म्हणून गेले होते. ते म्हणाले, "त्यामां काय शे? लूम बी डावा-उजवा ऱ्हास." हे अगदी खरं. लूम दोन जातीचे असतात, काहींचा दांडा डावीकडे, काहींचा उजवीकडे, आणि कारागिराला दोन्ही चालवता यावे लागतात. शेठ स्वतः तरुणपणी लूमवर उभे राहिलेले. त्यांना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी तिथल्या तिथे किल्ली काढून साडूभाऊंच्या हातात ठेवली. सुरतेतली सगळ्यात महागडी गाडी अशा रीतीने लूमच्या जॉबरकडे गेली, आणि ज्याची त्याला नीट मिळाली असं शेठ पुढे कायम म्हणत.

दोन्ही गाड्यांची अंतर्गत रचना साडूभाऊंनी लिंबायतला समजावून सांगितली ती लूमच्याच भाषेत. चकतीवालीत सहा सिलिंडर एका रांगेत, म्हणजे सहा लूम एका लायनीत आणि एक कारागीर त्यांच्यासमोरून येरझाऱ्या घालतोय. चांदणीवालीत आठ, चार इकडे आणि चार तिकडे, समोरासमोर. कारागीर मध्ये उभा, फक्त मान वळवायची. हे ऐकून ओट्यावरच्या जाणकारांचे सरळ दोन तट पडले. ज्यांच्या खात्यात लूम समोरासमोर होते ते सगळे चांदणीवालीचे, ज्यांच्याकडे एका लायनीत होते ते चकतीवालीचे. यातल्या एकानेही कुठल्याही गाडीत कधी बूड टेकवलं नव्हतं. पण पाळी बदलायच्या वेळेला एकमेकांना गाठून ते तावातावाने भांडत. दोन्ही गाड्या ताशी अडीचशेच्या पुढे जाऊ नयेत म्हणून कंपनीनेच आत बंदोबस्त करून ठेवलाय, ही बातमी साडूभाऊंनी एकदा दिली तेव्हा तर दोन्ही तट एक झाले. एवढा पैसा घ्यायचा आणि वर कुलूप लावायचं, हा सरळसरळ अन्याय होता. प्रत्यक्षात त्या गाड्या उधन्याच्या रस्त्याला ताक्यांनी भरलेल्या हातगाडीच्या मागे तासाला आठ किलोमीटरने चालत, पण त्याला कोणाची हरकत नव्हती.

मालकाच्या नजरेतून बोलायचं तर दोघींतही खोड्या होत्या आणि साडूभाऊ त्या घरच्या सुनांच्या कौतुकाने सांगत. चांदणीवालीला क्लच नाही, गिअर ती आपले आपण बदलते, त्यामुळे तिच्यात डावा पाय पाहुण्यासारखा नुसता बसून राहतो. चकतीवालीला पाच गिअर, सगळे हाताने टाकायचे. तिच्यात दोन्ही पाय आणि दोन्ही हात कामाला. चकतीवाली इतकी बुटकी की उधन्याच्या गतिरोधकावरून तिला तिरपी करून, पोटुशी बाई नेतात तशी न्यावी लागे. चांदणीवालीच्या मागच्या बाजूला दोघांचीच बैठक, मध्ये एक पेटी. एकदा शेठच्या आई आणि त्यांच्या दोन बहिणी देवदर्शनाला निघाल्या, तर धाकट्या मावशींना तापीच्या पुलापर्यंत त्या पेटीवर तांब्या मांडीत घेऊन बसावं लागलं. साडूभाऊंचं त्यावर स्पष्टीकरण तयार होतं: "त्या लोकेस्ना घरमां चारच माणसे ऱ्हातस. आपला घरना हिशोब त्यास्ले कोन सांगनार?"

चांदणीवालीच्या नाकावरची चांदणी दोनदा चोरीला गेली. तेव्हापासून गाडी उभी केली की साडूभाऊ ती फिरवून काढत आणि शर्टाच्या खिशात ठेवत. पुष्कळदा ती तशीच घरी यायची. आक्काला धुण्यात ती सापडे आणि मग सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आक्का त्यांना फैलावर घेई. आक्काचा आवाज लिंबायतच्या मानानेही मोठा होता. लिंबायतला एकूण सगळेच ओरडून बोलतात. बारा-बारा तास खात्याच्या धडधडाटात काढलेला माणूस बाहेर आल्यावर हळू बोलायचं विसरूनच गेलेला असतो. तिथं दोन मित्र एकमेकांची खुशाली विचारत असले तरी बाहेरच्याला वाटावं की आता मारामारी होणार. मी नवा होतो तेव्हा दोन-तीनदा सोडवायलाही गेलो होतो.

चांदणी आणि चकती यांच्याशिवाय जगात तिसरा प्रकार नाही, असं साडूभाऊंचं ठाम मत होतं. माणसंही दोनच जातींची. माझ्या मेव्हण्याच्या मुलीला नवसारीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, गोरा, मोजकं बोलणारा. पोहे झाले, प्रश्न झाले आणि सगळे साडूभाऊंच्या तोंडाकडे बघायला लागले, कारण घरात वडीलधारे तेच. त्यांनी मुलाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि गंभीरपणे सांगितलं, "पोऱ्या चांदणी शे. वजनदार शे, धक्का लागू देवाव नही. पन मांगे दोनच जन बसतीन." याचा अर्थ हा मुलगा म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणार नाही असा होता, हे मुलाकडच्यांना सुदैवाने कळलं नाही. लग्न झालं. पुढे साडूभाऊंचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, ते सोडा. मला त्यांनी दोन्हींपैकी कशातच बसवलं नव्हतं. मी एकदा आडवळणाने विचारलं तर म्हणाले, "तुम्हनं अजून इंजिनच चालू व्हयेल नही, मास्तर."

आणखी दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली, हात ठेवायची. कुठलंही यंत्र दिसलं की ते त्यावर तळवा ठेवत आणि क्षणभर डोळे मिटत. शाळेतला पाण्याचा पंप, आक्काची शिलाई मशीन, दुकानातला फ्रिज, काहीही. माझी स्कूटर महिनाभर दम टाकत होती. मेकॅनिकने तिच्यात सतरा गोष्टी काढल्या. साडूभाऊंनी तिच्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाले, "मांगलं बेअरिंग." बेअरिंगच निघालं. दुसरी सवय, बरोबरचा माणूस कायम उजव्या हाताला हवा. रस्त्याने चालताना मी चुकून डावीकडे आलो की ते मला धरून उजवीकडे करत आणि चालता चालता सारखे माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणायचो, डावीकडे बसून गाडी हाकायची सवय लागली, दुसरं काय! तेही हसून मान डोलवायचे.

चांदणीवालीत बसायचा योग मला एकदाच आला. शाळेच्या गणवेशाचं कापड शेठ स्वस्तात देणार होते, ते बघायला मी पलसाण्याला गेलो आणि येताना शेठ म्हणाले, चला मास्तर. मी मागच्या दोनांपैकी एका सिंहासनावर बसलो. शेठ मात्र पुढे, साडूभाऊंच्या उजवीकडे. त्याला कारणही होतं. डावीकडे बसलेल्याला पुढच्या ट्रकपलीकडचं दिसत नाही, तेव्हा रस्ता मोकळा आहे की नाही ते उजवीकडच्याने सांगायचं. शेठ ते तोंडाने सांगत नसत, हाताने सांगत. तळवा उभा केला की थांब, दोन बोटं पुढे केली की जा, हात सपाट खाली दाबला की हळू. खात्यात हे असंच चालतं, कारण तिथं बोलून काही उपयोग नसतो. शेठच्या तोंडात बारा महिने तेरा काळ सुपारी असे, त्यामुळे ते कोणाशीच फारसं बोलत नसत. सबंध रस्ताभर दोघांत एक शब्द झाला नाही आणि गाडी मात्र लोण्यातून जावी तशी ट्रकांमधून जात राहिली. दोन माणसांत इतका समजूतदारपणा मी नवरा-बायकोतही पाहिला नव्हता.

मग आमच्या शाळेत मुलांच्या कानाची तपासणी ठेवली होती. आक्काने पाठवलेला लोणच्याचा बरणीभर ऐवज घेऊन साडूभाऊ नेमके तेव्हा आले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण आणि हौशी होत्या. लूमवाले आहात ना, या, तुमचेही बघू, म्हणाल्या. त्यांनी आपटल्यावर घुमत राहणारा एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटला आणि साडूभाऊंच्या मागून कानाशी धरला. साडूभाऊ भिंतीवरचा नकाशा बघत होते. दुसऱ्या कानाशी धरला. ते नकाशाच बघत होते. मग बाईंनी चिमट्याचं टोक त्यांच्या मनगटावर टेकवलं, तशी त्यांनी चमकून डोळे मिटले आणि म्हणाले, "वाजी ऱ्हायना." म्हणजे वाजतोय. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि हे आजचं नाही, बरीच वर्षं झाली असतील. मला ते खरंच वाटेना. आठ वर्षं ज्या माणसाशी मी रोज गप्पा मारल्या तो बहिरा? पण लिंबायतला हे कळणार तरी कसं होतं? तिथं सगळेच ओरडून बोलणार, सगळेच हातवारे करणार, सगळेच बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघणार. अंधारात कोणाचे डोळे गेले तर शेजाऱ्याला कळत नाही, तसं ते झालं होतं. आक्कालाही पत्ता नव्हता. तिला वाटायचं, नवरा तिच्याकडे लक्ष देत नाही.

शाळेमागच्या कडुलिंबाखाली साडूभाऊंनी माझे दोन्ही हात धरले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "तिले सांगू नका, मास्तर. शेठले तं नहीच नही. बहिराले कोन गाडी दी?" मी विचारलं, अहो पण हायवेवर? तेव्हा त्यांनी सात-आठ वर्षांच्या तुलनेचं मर्म सांगितलं. चांदणीवालीत शेठला पुढे बसावंच लागतं. शेठ हात करतात, साडूभाऊ बघतात, कानाचं कामच पडत नाही. चकतीवालीचं चाक सरळ, आपल्या इकडच्यासारखं उजवीकडे, त्यामुळे तिच्यात शेठ मागे बसतात. मागून कोणी काही बोललं तर यांना कळायचं नाही. म्हणून ती कुठं लांब न्यायची म्हटलं की तिचं पोट घासतं, तिला पेट्रोल मानवत नाही, तिची तब्येत बरी नाही, असं काहीतरी सांगून ते चांदणीवाली बाहेर काढत. "चांदणीवाली शे तवलोंग मी शे," म्हणाले. मी कोणाला सांगितलं नाही. योग्य केलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, पण तो माणूस हात सोडत नव्हता.

पुढच्याच वर्षी शेठच्या मुलाने कारभार हातात घेतला. मुलगा सरळ, हिशेबी. दोन परदेशी गाड्यांचे सुटे भाग मागवता मागवता वैताग येतो, एक ठेवू, एक काढू, असं त्याने ठरवलं. कुठली ठेवायची हे आठ वर्षं चालवणाऱ्यालाच विचारू, असं शेठ म्हणाले. एका रविवारी सकाळी पलसाण्याच्या मिलमधून नवसारीच्या पुलापर्यंत आणि परत, अशी दोन्ही गाड्यांची परीक्षा ठरली. साडूभाऊंनी मलाही ओढून नेलं. पहिली चांदणीवाली. शेठ पुढे, हात करतायत, मी आणि मुलगा मागे. गेलो आणि आलो, माझ्या पोटातला चहाही हलला नाही. मग चकतीवाली निघाली. शेठ सवयीने पुढचं दार उघडायला गेले तर मुलगा म्हणाला, "पप्पा, आ गाडीमां शेठ पाछळ बेसे." शेठ थोडे थबकले, साडूभाऊंकडे पाहिलं आणि मुकाट्याने मागे जाऊन बसले. साडूभाऊंनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. आता हात करायची जबाबदारी माझी होती.

ज्या माणसाने आयुष्यात स्कूटर चाळीसच्या पुढे नेली नाही, त्याच्यावर हे काम सोपवणं ही साडूभाऊंची चूक होती. तिसऱ्या गिअरला मी डोळे मिटले. चौथ्याला दोन्ही हातांनी सीट धरली. पाचव्याला काट्याकडे एकदाच बघितलं, तो दीडशेच्या पलीकडे होता, आणि हात करायचा असतो हे मी साफ विसरून गेलो. मागून मुलगा म्हणाला, "बस, धीमे." मग ओरडला, "भाऊ, धीमे!" मग किंचाळला, "ऊभी राख!" मी एक डोळा उघडून पाहिलं. साडूभाऊंचा डावा तळवा गिअरच्या दांड्यावर होता आणि चेहऱ्यावर असं सुख होतं की जावई पाहतानाही कोणाच्या चेहऱ्यावर नसेल. गाडी तशीच सुटली होती. इतक्यात मागून शेठचा हात आला आणि त्यांच्या खांद्यावर सपाट पडला. गाडी त्याच क्षणी हळू झाली आणि कडेला उभी राहिली.

मुलगा पांढराफटक पडला होता. "आटली बूमो पाडी, सांभळतो नथी?" इतकं ओरडलो, ऐकू येत नाही का, असं तो विचारत होता. आता संपलं, मला वाटलं. साडूभाऊ आरशातून मुलाच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना सगळं समजलेलं होतं. तेवढ्यात शेठ सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत शांतपणे म्हणाले, "मैंने ही बोला था उसको. पीछे से कोई भी चिल्लाए, पुल तक रुकना नहीं. परीक्षा है ना?" असं काहीही ते बोललेले नव्हते, मी सकाळपासून दोघांच्या बरोबर होतो. मी मागे वळून पाहिलं तर शेठ खिडकीबाहेरची उसाची शेतं बघण्यात गढून गेले होते.

मिलच्या आवारात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. मुलाचा राग उतरला होता. तो साडूभाऊंच्या समोर उभा राहून म्हणाला, "भाऊ, साचुं कहो. कई राखीए?" मी निश्चिंत होतो. आठ वर्षं रोज संध्याकाळी दिलेला निकाल आणखी एकदा द्यायचा, एवढंच तर काम होतं. साडूभाऊंनी दोन्ही इंजिनं चालू केली, दोन्ही बॉनेटं बंदच ठेवली आणि दोघींच्या मध्ये उभे राहून एकीवर डावा तळवा ठेवला, दुसरीवर उजवा. डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग डावा हात त्यांनी हळूच उचलला, उजवा तिथंच राहू दिला आणि म्हणाले, "हाई." उजवा हात चकतीवालीवर होता.

मी "साडूभाऊ!" म्हणून ओरडलो, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. मुलाला म्हणाले, "चांदणीवाली सुखनी शे. पन काम हाई चांगलं करस." मुलगा खूश झाला. साडूभाऊंनी शर्टाच्या खिशातून चांदणी काढली, पंच्याच्या टोकाने पुसली आणि चांदणीवालीच्या नाकावर बसवून फिरवून घट्ट केली. ती सरळ बसली की नाही ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे येऊन किंचित फिरवली. मग किल्ली मुलाच्या हातात दिली.

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे होते. उधन्याजवळ मला राहवेना. स्कूटर बाजूला घेतली, वळून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि माझं तोंड त्यांना नीट दिसेल असं बोललो. काय केलंत हे? आठ वर्षं ओट्यावर काय सांगत होतात? ते माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहत राहिले. म्हणाले, "ते ओटावर व्हतं, मास्तर. आज हात ठेयेल व्हता." यंत्रावर हात ठेवल्यावर जॉबर खोटं बोलत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि ते मलाच कळायला हवं होतं याचं त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. मला रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुरात रडू आलं. त्यांनी धूर लागला असं समजून मला पंचा दिला.

दोन दिवसांनी कापडाचं निमित्त काढून मी शेठकडे गेलो. साडूभाऊंसाठी काही शब्द टाकावा असा विचार होता. शेठने मला बोलूच दिलं नाही. भाऊ सोमवारपासून खात्यावर हेड जॉबर, म्हणाले. चकतीवाली मुलगा स्वतः चालवेल. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, हुं बार वरस लूम पर ऊभो रह्यो छुं. मने पहेला दिवसथी खबर छे." पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तर हा माणूस मालक असून आठ वर्षं पुढे बसून हात करत राहिला होता. मी पाहिलं, त्यांचं तोंड रिकामं होतं. सुपारी? मी विचारलं. शेठने गाल ओढून आतल्या रिकाम्या जागा दाखवल्या. तोंड भरलेलं असलं की हाताने बोलायला निमित्त मिळतं, त्या निमित्तापायी तीन दाढा गेल्या, आता सुपारी बंद. हे ते अगदी सहज, कापडाचा भाव सांगावा तसं म्हणाले.

चांदणीवाली बडोद्याकडच्या कोणीतरी नेली. साडूभाऊ पुढची कितीतरी वर्षं खात्यात लूमांवर हात ठेवत हिंडले आणि तिथं त्यांच्या कानाची कोणाला कधी गरज पडली नाही. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं, तेव्हा आक्काला मीच सांगितलं. ती दोन दिवस गप्प होती, सबंध गल्लीला चुकल्यासारखं झालं. मग ती त्यांच्यासमोर येऊन बोलायला लागली, आणि समोर आल्यावर ओरडायचं कारण उरलं नाही. ओट्यावरचे दोन्ही तट हळूहळू थंडावले. साडूभाऊंनी निकाल बदलला म्हटल्यावर भांडायला कोणाशी, असं होऊन गेलं.

रविवारी मी त्यांना स्कूटरवर तापीच्या काठाला नेतो. ते मागे बसतात आणि एक तळवा माझ्या पाठीवर ठेवतात. इंजिन कुठं ओढतंय ते त्यांना माझ्या आधी कळतं. "तिसरा टाका, मास्तर," म्हणतात, मी टाकतो. समोरून काही आलं की मी हात करून दाखवतो, तेवढं आता मला जमतं. परवा मी चहा आणायला गेलो होतो आणि ते ओट्यावर कोणा नव्या भाडेकरूला सांगत होते, "आपली एक स्कूटर शे. सभाव गरीब शे, पन चांगली शे." मी चहा ठेवला आणि त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो.